मोजणी चालू आहे

रोकड मोजणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. हा नियम कोणत्याही पेढीत लिहून ठेवलेला नसतो, तरी तो सर्वांना ठाऊक असतो. मुनीमजी नोटांची गड्डी हातात घेऊन अंगठ्याने नोटा सरकवू लागले की बोलायला आलेला माणूस दोन पावले मागे थांबतो, चहा आणणारा पोरगा पेला न वाजवता ठेवतो, मालकसुद्धा हाक मारण्यापूर्वी एकदा तिकडे पाहून घेतात. जुन्या बँकांत रोखपालाला जाळीच्या आत बसवीत. ती जाळी चोरांसाठी होती हे खरे, पण गप्पांपासूनही तिचा चांगला बचाव होई. सत्तेचाळिसाव्या नोटेवर कोणी ‘काय, बरे आहात ना?’ असे विचारले, तर पुढची नोट अठ्ठेचाळिसावी की एकोणपन्नासावी हे सांगता येत नाही आणि मोजणी पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरू करावी लागते.

आता पेढीत पूर्वीइतकी रोकड राहिली नाही. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात संगणकावरूनच जाते. मोजणी मात्र संपलेली नाही. ती नोटांवरून पडद्यावर गेली आहे. अडचण एवढीच की पडद्यासमोरचा माणूस मोजतो आहे हे शेजारच्याला दिसत नाही. तो नुसता बसलेला दिसतो. त्याच्याशी बोलण्यात किंवा त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याला हाक मारण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. जिथे चार माणसे एका खोलीत काम करतात, तिथल्या पुष्कळ कुरबुरींचे मूळ या न दिसण्यात असते.

सांगलीच्या हळदीच्या बाजारातील एका अडत पेढीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पुढे ओटा, ओट्यावर पोत्यांची थप्पी, आत एक लांबट खोली. खोलीत एक गादी आणि तीन मेजे. गादीवर मालक, त्यांना सारा बाजार अण्णा म्हणतो. दाराजवळच्या मेजावर सौद्याचे काम पाहणारे काका, वय सत्तावन्न, पेढीत तीस वर्षे. मधल्या मेजावर बिले आणि वाहतुकीचे कागद करणारा तरुण मुलगा. आतल्या मेजावर हिशेब पाहणाऱ्या ताई, वाणिज्य शाखेच्या पदवीधर, पेढीत सहा वर्षे.

काकांचा आवाज बाजारात प्रसिद्ध होता. फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली की मे महिना सरेपर्यंत त्यांचा फोन थंड होत नसे. निझामाबादचा भाव काय, इरोडचा काय, दिल्लीच्या खरेदीदाराला किती पोती हवीत, हे सारे फोनचा स्पीकर लावून मोठ्याने चाले. प्रत्येक आकडा ते दोनदा, तीनदा म्हणत. ‘सातशे का आठशे? सातशे? नीट सांगा, सातशे?’ समोरच्याने होय म्हटले की तोच आकडा पुन्हा एकदा, जणू खोलीलाच सांगितल्यासारखा. दोन फोनांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला तर मोबाइलवर आलेली चित्रफीत लागे, तीही सर्वांना ऐकू जाईल अशी.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात मोठ्या आवाजाला मान आहे आणि त्याला कारणही आहे. एके काळी रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा सौदा कितीला झाला ते कळत नसे. बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलाव आणला, तेव्हा चारचौघांत मोठ्याने बोललेला भाव हीच सचोटीची खूण झाली. काका त्याच शिस्तीत वाढले. हळू बोलणारा दलाल काहीतरी लपवतो, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. आपल्या आवाजाचा कोणाला त्रास होत असेल, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

ताईंचे काम याच्या अगदी उलट जातीचे. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी तयार करायची, त्यातून हमाली-तोलाई वजा करायची, उरलेली रक्कम त्याच्या खात्यात पाठवायची, बँकेचा ताळमेळ लावायचा. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे एक विवरणपत्र, २० तारखेला कराचे दुसरे. या कामाला आवाज नाही. ते चांगले झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही, चुकले तरच दिसते.

पहिली दोन वर्षे ताईंनी सोसले. तिसऱ्या वर्षी कानात बोंडे घालून गाणी लावून पाहिली. पण अण्णांनी मारलेली हाक ऐकू गेली नाही आणि बोलणी बसली. मग एकदा धीर करून त्यांनी अण्णांपाशी विषय काढला. अण्णा हसले आणि म्हणाले, “काकांचा आवाज म्हणजे आपल्या पेढीची पाटी आहे, ताई. पाटी कशी झाकायची?” विषय तिथेच मिटला. त्यानंतर ताई सायंकाळचा चहा आपल्या मेजावरच घेऊ लागल्या. काकांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळू लागले. काकांना ते जाणवले. कारण मात्र उमगले नाही. आपल्या वयाची, आपल्या कमी शिक्षणाची ही मुलगी किंमत करत नाही, असा त्यांनी अर्थ लावला आणि तेही दुरावले.

दरवर्षी क्षमावणीच्या दिवशी पेढीत सर्वजण परस्परांची क्षमा मागत. ताई आणि काकाही एकमेकांपुढे हात जोडत. पण कशाबद्दल, ते सहा वर्षांत दोघांपैकी कोणीच बोलले नव्हते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हायचे ते झाले. वाळवा तालुक्यातील एका शेतकऱ्याची पट्टी २,३८,५०० रुपयांची होती. दुपारी चारच्या सुमारास ताई ती रक्कम आरटीजीएसने पाठवीत होत्या. त्याच वेळी काका फोनवर कोणाला तरी पोत्यांची संख्या सांगत होते, “त्र्याऐंशी! त्र्याऐंशी पोती! अहो, त्र्याऐंशी!” ताईंच्या बोटांनी २,८३,५०० हा आकडा उमटवला. अण्णांच्या मोबाइलवर ओटीपी आला. त्या संदेशात रक्कमही लिहिलेली होती. अण्णांनी ती न पाहता फक्त सहा अंक वाचून दाखवले. खातेदाराचे नाव बरोबर, खाते क्रमांक बरोबर. पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचा ताळमेळ लावताना ४५,००० रुपयांचा फरक दिसला. जुन्या हिशेबनिसांना एक कसोटी माहीत असते: फरकाला नवाने नि:शेष भाग गेला तर कुठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे. ३८ आणि ८३ यांतील फरक ४५, म्हणजे नवाच्या पाचपट. आणि आठ व तीन यांतला फरकही पाचच. शेजारशेजारचे कोणतेही दोन अंक उलटे केले तरी हा नियम चुकत नाही. ताईंनी ४५,००० ला नवाने भागले, ५,००० आले. म्हणजे हजाराच्या आणि दशहजाराच्या घरांतले, एकमेकांपासून पाचाने दूर असलेले दोन अंक. पाच मिनिटांत पट्टी सापडली.

ही चूक निष्काळजी माणसाची म्हणता येणार नाही. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकम आधी येतो आणि दशम नंतर. ‘अडतीस’ म्हणताना आठ आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी लिहावा लागतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे अनेकांना आठवत असेल. त्या रीतीबद्दल मत काहीही असो, आपले आकडे ऐकताना आणि लिहिताना मनाला एक उलटापालट करावी लागते, हे नाकारता येत नाही. त्या नाजूक क्षणी कानावर दुसरा आकडा आदळला तर बोटे फसतात.

दुसऱ्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करावे, असे सांगणे सोपे आहे. पण कानाला पापणी नसते. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला आणि त्या वेळी त्यांना न समजणाऱ्या भाषेतील बोलणे कानावर पडत ठेवले. बोलण्याचा अर्थ कळत नसतानाही क्रम चुकू लागले. फोनवरच्या बोलण्याचा त्रास आणखी वेगळा. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की दोघांचा संवाद पूर्ण ऐकू आला तर लक्ष तितके विचलित होत नाही. एकाच बाजूचे बोलणे ऐकू आले तर अधिक होते. गाळलेली अर्धी बाजू मन आपोआप भरू पाहते. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरची रहदारी माणसाच्या अंगवळणी पडते, पण शेजारच्या मेजावरचा फोन वर्षानुवर्षे अंगवळणी पडत नाही, त्याचे कारण हे.

पेढीत पुढे जे घडले ते चुकीहूनही अधिक लागले. फरकाची गोष्ट कळताच काकांनी लगेच फोन उचलला. तो शेतकरी त्यांच्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा. मदत करण्याचाच हेतू होता. स्पीकर चालू होता आणि आवाज नेहमीचा. “अहो, आमच्या हिशेबाच्या ताईंच्या हातून तुम्हाला पंचेचाळीस हजार जास्त गेलेत!” ओट्यावरचे हमाल थांबून आत पाहू लागले. शेजारच्या पेढीवरचे मुनीम दारात आले. पलीकडून शेतकरी म्हणाला, “आलेत व्हय? बघतो. उद्या बँकेत जाऊन परत पाठवतो, काळजी करू नका.” तिसऱ्या दिवशी रक्कम परत आली. पेढीचे एका पैचेही नुकसान झाले नाही. पण ताईंनी त्या रात्री घरी बसून राजीनामा लिहिला.

पेढीचे पगार आणि रजा यांचा हिशेब अण्णांच्या पत्नी पाहत. त्यांना सर्वजण वहिनी म्हणत. राजीनाम्याचा कागद त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला. कागदावर ‘घरगुती अडचण’ असे कारण होते. वहिनींनी ताईंना घरी बोलावले, समोर बसवले आणि खरे कारण विचारले. सहा वर्षांचे सगळे बाहेर आले: फोन, स्पीकर, चित्रफिती, कालचा अपमान. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“हे तू काकांना कधी सांगितलंस?”

ताईंना उत्तर देता येईना. अण्णांना सांगितले होते. घरी नवऱ्याला रोज सांगितले होते. माहेरी सांगितले होते. ज्यांना सांगायचे त्यांना एकदाही नाही.

“मग त्यांना कळणार कसं?” वहिनी म्हणाल्या. “हा कागद आठ दिवस माझ्याकडे राहू दे. आधी त्यांच्याशी बोल. आठ दिवसांनी मागितलास तर अण्णांना देईन.”

न बोलणे आणि मौन यांत फरक आहे. मौनाने मन हलके होते. रागाने धरलेल्या अबोल्याने ते जड होत जाते. सोसणाऱ्याला वाटते की आपण मोठेपणा दाखवीत आहोत. प्रत्यक्षात तो समोरच्याला सुधारण्याची संधीच देत नाही आणि मनातल्या मनात त्याच्यावर खटला चालवून शिक्षाही ठोठावतो. ज्याच्यावर खटला चालला, त्याला त्याची बातमीही नसते.

दुसऱ्या दिवशी ताई लवकर आल्या. त्या वेळी काका एकटेच असत. दुकान उघडून, उदबत्ती लावून वर्तमानपत्र चाळत. ताईंनी काय बोलायचे ते रात्री ठरवले होते. ‘तुमचा आवाज फार मोठा आहे’ हे वाक्य त्यांनी वगळले होते, कारण त्यावर माणूस ‘माझा आवाजच तसा आहे’ यापलीकडे काही म्हणू शकत नाही. त्या म्हणाल्या, “काका, परवाच्या चुकीबद्दल बोलायचंय. चूक माझीच आहे. पण दुपारी चारला मी पैसे पाठवत असते, तेव्हा कानावर पडलेला आकडा माझ्या बोटांत उतरतो. परवा तुम्ही त्र्याऐंशी म्हणालात आणि मी त्र्याऐंशी लिहिलं. तेवढा तास-दीड तास मला शांतता मिळाली तर बरं होईल.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “एवढंच होतं होय? मला वाटायचं, तुम्हाला माझा रागच आहे. का, ते कळत नव्हतं.” थोडे थांबून, प्रथमच हळू आवाजात, ते पुढे म्हणाले, “ताई, मला अलीकडं फोनवरचं नीट कळत नाही. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सातशे का आठशे, तेच समजत नाही. म्हणून तीनदा विचारतो, म्हणून स्पीकर लावतो. अण्णांना सांगू नका. कान गेलेला दलाल कोण ठेवेल?”

तीस वर्षे ज्या कानांवर पोट भरले, तेच साथ सोडू लागले होते आणि ते झाकण्यासाठी आवाज चढत होता. वयानुसार ऐकू येणे कमी होते, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स, श, त, फ अशी व्यंजने पुसट होतात. ‘सातशे’मधला स गेला की ‘आठशे’शी त्याचा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. स्वतःचा आवाजही अशा माणसाला कमी ऐकू येतो, म्हणून तो नकळत मोठ्याने बोलतो. त्यात आणखी एक भर. भोवती गोंगाट असला की प्रत्येक माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली नोंदवून ठेवले आहे. काका मोठ्याने बोलत म्हणून मधल्या मेजावरचा मुलगा मोठ्याने बोले, तो मोठ्याने बोले म्हणून काका आणखी मोठ्याने. खोलीतला कोणीही मुद्दाम ओरडत नव्हता आणि खोली मात्र गरजत होती.

ताईंनी अण्णांना सांगितले नाही. त्यांनी काकांना एवढेच म्हटले की आधी तपासणी तरी करून घ्या. पुढच्या रविवारी काका मुलाला घेऊन मिरजेला गेले. कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांत दोष निघाला, डाव्यात अधिक. यंत्र लावण्याचा सल्ला मिळाला. तपासणीचा कागद खिशात घालून दोन दिवस फिरल्यानंतर काकांनी तो स्वतःच अण्णांच्या गादीवर ठेवला. अण्णांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तीस वर्षांत तुमच्या तोंडचा एक सौदा फिरला नाही, काका. यंत्राचे पैसे पेढी देईल. आणि परवा रक्कम न पाहता ओटीपी सांगितला तो मी. आकडा माझ्या डोळ्यांपुढं होता. ताईंची एकटीची चूक नाही ती.”

त्यानंतर पेढीत ज्या सुधारणा झाल्या त्यांत खर्चाचे फारसे काही नव्हते. दुपारी चार ते साडेपाच ही वेळ पैसे पाठवण्यासाठी ठरली. त्या वेळेत काका फोन घेऊन ओट्यावर बसतात. सौद्याचा भाव आणि पोत्यांची संख्या समोरच्याने बोलल्यावर लेखी संदेशानेही पाठवायची, असा आग्रह धरला गेला. यामुळे काकांना तीनदा विचारावे लागत नाही आणि उद्या वाद झाला तर लेखी पुरावा राहतो. पाठवायच्या रकमांची यादी मधल्या मेजावरचा मुलगा वाचतो, ताई पट्टीशी ताडून खूण करतात आणि अण्णा रक्कम पाहूनच ओटीपी सांगतात. बँकांत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, ही रीत फार जुनी आहे. ती माणसावरच्या अविश्वासातून आलेली नाही. एकट्या माणसाचे लक्ष केव्हाही निसटू शकते, हे ओळखून ती आली आहे.

प्रत्येक गोंगाटी सहकाऱ्याच्या मागे असे कारण सापडेलच असे नाही. काही जण सवयीने मोठ्याने बोलतात, काहींना आपले बोलणे सर्वांनी ऐकावे असे वाटते, काहींना एकटेपणा सहन होत नाही. तरीही क्रम हाच असावा. प्रथम त्या माणसाशी, एकट्याने गाठून, शांत वेळी बोलावे. स्वभावावर बोट न ठेवता कामाची अडचण सांगावी. ‘तुम्ही नेहमीच’ असे म्हणण्याऐवजी कोणती वेळ, कोणते काम, काय बिघडले ते सांगावे. मागणी लहान आणि स्पष्ट असावी. दिवसभर शांतता मागितली तर काहीच मिळत नाही, दीड तास मागितला तर मिळतो. त्याचे म्हणणेही ऐकून घ्यावे. एकदा सांगून विसर पडला तर पुन्हा एकदा आठवण द्यावी. त्यानंतरही फरक पडला नाही तर वरिष्ठांकडे जावे, आणि ते काकांच्या किंवा ताईंच्या माघारी नव्हे, त्यांना सांगून जावे.

मालकाची जबाबदारी इथे संपत नाही. दोन माणसांची कुरबुर कानावर आल्यावर जो मालक विनोद करून ती टाळतो, त्याने निकाल दिलेलाच असतो. तो नेहमी मोठ्या आवाजाच्या बाजूने जातो. सहा वर्षांच्या अनुभवाची हिशेबनीस सोडून गेली तर नवे माणूस मिळेल, पण कोणता शेतकरी पट्टी कशी मागतो, कोणत्या खरेदीदाराचे येणे कुठे अडकते, हे ज्ञान तिच्याबरोबर जाते. ताळेबंदात त्याची किंमत कोठेही लिहिलेली नसते.

ज्यांची मुले-सुना पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कचेऱ्यांत लांबच लांब मेजांवर ओळीने बसून काम करतात, त्यांनाही हा प्रश्न परका नाही. भिंती काढल्या की माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, या कल्पनेने अशा मोकळ्या कचेऱ्या बांधल्या गेल्या. हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांत मोजून पाहिले आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: भिंती गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि लेखी संदेश वाढले. विटांच्या भिंती गेल्या, तेव्हा माणसांनी कानांत भिंती घातल्या. शेजारी बसलेल्याला ‘जरा हळू’ हे संदेशाने कळवणारी पिढी तयार होत आहे. तिला समोरासमोर, आदर राखून, वेळेवर बोलण्याची सवय घरूनच लागली पाहिजे. जेवणाच्या पंगतीत, दुकानाच्या ओट्यावर, थोरल्यांना आपली अडचण सांगू देऊन.

पेढीत सारे काही सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. यंत्र लावण्याची सवय व्हायला काकांना बरेच दिवस लागले; सुरुवातीला पोते ओढण्याचा आवाजही त्यांना सहन होत नसे. ऐन हंगामात भाव उसळला की ते अजूनही विसरतात आणि खोली दणाणते. ताईंच्या कपाळाला अजूनही आठी पडते. मात्र आता त्या मान वर करून ‘काका!’ एवढेच म्हणतात आणि काका दोन्ही हात वर करून ओट्याकडे निघतात.

राजीनाम्याचा कागद आठ दिवसांनी वहिनींनी परत दिला. ताईंनी त्याची मागची कोरी बाजू वर केली, त्यावर जाड अक्षरांत ‘मोजणी चालू आहे’ असे लिहिले आणि तो पुठ्ठ्यावर चिकटवला. चार वाजले की तो पुठ्ठा त्यांच्या मेजावर उभा राहतो. अलीकडे तो मांडण्याचे काम बहुतेक दिवशी काकाच करतात.